रुवैसच्या गच्चीवरचा लाल पट्टा

रविवार, १२ मे २०२४. रात्री २.१०
इथे आखातात, आमच्या कामगार कॅम्पच्या गच्चीवर, कॅमेरा उत्तरेकडे लावून बसलोय. काल लडाखमधून अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश दिसला, सगळ्यांच्या फोनवर तेच फोटो. इथून दिसणं कठीण, तरी... एक्स्पोजर ३० सेकंद. प्रत्येक फोटोची वेळ वहीत लिहितोय.

३.२५. एकूण ४१. सत्ताविसाव्यात क्षितिजावर लाल पट्टा. होकायंत्र दोनदा पाहिलं. उत्तरच. खोलीत येऊन रूममेट विल्सनदादांना उठवलं. म्हणाले, "अरे अकरावी नापास शास्त्रज्ञा, झोपू दे. मला पाठव, सकाळी बघतो."

सोम. १३ मे
दादांनी फोटो त्यांच्या वसईच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या गच्चीवरून अरोरा. माझं नाव नाही. थोडं वाईट वाटलं.

मंगळ. १४ मे
ड्युटीवरून येऊन फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात रिफायनरीची चिमणी, वर जळता गॅस, खाली टाक्या. पट्टा म्हणजे दमट हवेत पसरलेला त्याच ज्योतीचा उजेड. चार वर्षं रोज बघतो, म्हणून दिसलीच नाही. रिफायनरीच्या गेटवर पाटी आहे, फोटो काढण्यास मनाई. आमची बस रोज तिथूनच जाते.
दादांना सांगितलं, त्यांनी लगेच ग्रुपवरची पोस्ट काढून टाकली. म्हणाले, खलास, विसर. पण तोवर कुठे कुठे गेला असेल...

गुरु. १६ मे
फोटो फिरत कॅम्प बॉसकडे आला, दादांच्या नंबरासकट. त्यांचा फोन, गेटपास जमा. चौकशी संपेपर्यंत ड्युटी नाही, सुट्टीही नाही. येत्या बुधवारी वसईला जाणार होते, चर्चमध्ये मुलीचं पहिलं कम्युनियन.
फोटो कोणी काढला, असं विचारलं तेव्हा दादा म्हणाले, मीच.
मी सांगायला निघालो. दादा शर्टाला इस्त्री करत होते. वर न बघता म्हणाले, "मला इथे एकोणीस वर्षं झाली. मला काढताना दहादा विचार करतील. तुला सरळ विमानात बसवतील. गप बस."

रवि. १९ मे
चाळीस फोटो पुसले. सत्ताविसावा पुसवत नाही. त्यात वेळ आहे, माझ्या कॅमेऱ्याचा नंबर आहे. दादांकडे कॅमेराच नाही, हे कॅम्प बॉसला अजून सुचलेलं नाही.
संध्याकाळी दादांच्या मुलीचा फोन माझ्याकडे आला. पप्पा कधी निघणार? मी म्हटलं, बुधवारी, इन्शाल्ला.
ट्रायपॉडला ६५ दिरहम घातले होते. दादांचं तिकीट ७४०, म्हणजे सोळा हजार आठशे रुपये. बुडालं तर मी द्यायचे. कॅम्प बॉसचं ऑफिस उद्या आठला उघडतं. कॅमेरा पिशवीत भरून दाराशी ठेवलाय.