पायघोळ झगा आणि मागची खोली

ता. ४ मार्च

चि. चिमणीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू धाडलेली ती जुनी भुताटकीची कादंबरी संपवली. खरं सांगू? अर्धी भिकार आहे आणि अर्धी अशी की तिच्यापायी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी दोन्ही डाव्या बाह्या लावल्या.

ती ओसाड हवेली, तो घुम्या मालक, दारामागचं ते कण्हणं, बाई गं, अंगावर काटा आला! पण ती नायिका? वादळात पायघोळ पांढरा झगा घालून काट्याकुट्यांतून पळते आणि शिवण कुठे उसवत नाही. लेखकाने जन्मात सुई धरली नसावी. वरची खोली बंद आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक, किल्ली कमरेला, तरी बया उघडत नाही! पुस्तकात शिरून तिचा कान पिळावासा वाटला.

तुला इथल्या छापखान्यात नोकरी लागली, फार आनंद झाला. माझ्याकडे राहायला येते म्हणतेस, पण जागा कुठे आहे गं? पुढच्या खोलीत मशीन, गिऱ्हाइकं आणि मी. दुसरीकडे बघ, रागावू नकोस.

माझा लोभ आहेच, तुझा कमी करू नकोस.

तुझी मावशी

ता. ९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

दोन डाव्या बाह्यांचं वाचून आईला हसता हसता ठसका लागला. नायिकेबद्दल तुझं अगदी पटलं. फक्त एक विचारते, लहान तोंडी मोठा घास वाटला तर चापट मार. काका गेल्यापासून तुझ्या मागच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली तुझ्याही कमरेलाच असते ना?

खोली मला कुठेही मिळेल. पण मला तुझ्याजवळ राहायचंय.

रागावलीस तरी लोभ ठेवच.

तुझी चिमणी

ता. १७ मार्च

चि. आगाऊ कार्टीस आशीर्वाद, नाइलाजाने.

आठवडाभर तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. काल उठले आणि गेले. कुलूप गंजलेलं, मशीनचं तेल सोडलं तेव्हा कुठे किल्ली फिरली. दार अगदी त्या पुस्तकातल्यासारखं करकरलं आणि “कोण आहे?” म्हणून मी ओरडलेसुद्धा! कोणी नव्हतं. कोळिष्टकं होती आणि खुंटीवर ह्यांचा कोट. अस्तर लावायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं, टाचण्या तशाच. तो कुशीत घेऊन पोटभर रडले. मग एक टाचणी अशी बोचली की उठावंच लागलं.

खोली झाडली, खिडकी उघडली. कोट मी उसवून ठेवलाय. कापड अजून छान आहे, तुला बेतते. उलट टपाली खांद्याचं माप पाठव. बाह्या एक डावी, एक उजवीच लावीन.

लोभ आता टपालाने नको, येताना घेऊन ये.

तुझी मावशी