एका डब्यात दोन रोपं

मी, खाली सही करणारी, निवृत्त बस कंडक्टर, वय एकसष्ट, तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांची मालकीण, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, म्हणून ज्यांना तोंडावर सुनवायचं होतं त्यांना आता हे वाचावं लागेल. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. भरलेल्या बसमध्ये धट्ट्याकट्ट्या पुरुषांना "पुढे सरका" म्हणत जिचा जन्म गेला, तिच्यावर दडपण कोण आणणार? यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. माझी मुलगी आणि जावई गेल्या वर्षी एकाच अपघातात गेले. त्यांची दोन मुलं माझ्यापाशी आहेत. मोठी, वय सात. धाकटा, वय चार. पुढे 'मोठी' आणि 'धाकटा' म्हणजे हीच दोघं. माझा मुलगा, म्हणजे या मुलांचा मामा, हयात आहे आणि खाऊनपिऊन सुखी आहे. त्याच्याबद्दल चौथ्या कलमात लिहिलं आहे. त्यानं मधली पानं उलटून थेट तिथं जाऊ नये.

कलम २. दोन्ही खोल्या, गॅलरीसकट, मोठी आणि धाकटा यांना निम्म्या-निम्म्या. धाकटा सज्ञान होईपर्यंत त्या कोणालाही विकता, गहाण टाकता किंवा भाड्यानं देता येणार नाहीत. बँकेतली ठेव आणि माझा फंड दोघांच्या जेवणाला, शाळेला आणि औषधपाण्याला वापरावा. जेवण आधी लिहिलं आहे ते मुद्दाम.

कलम ३. गॅलरीतले डबे. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, डबे वेगळे लिहायची गरज नाही, ते घरसामानात येतात." मी म्हटलं, तुम्ही लिहा.

मुलं आली तेव्हा मोठी बोलत नव्हती आणि धाकटा दाराला पाठ लावून बसायचा. त्यांच्यामागे धावायची माझ्यात ताकद नव्हती. एका जागी बसून होईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून रंगाचे रिकामे डबे गोळा केले, एक गळकी बादली काढली आणि माझी मुलगी तान्ही असताना तिला ज्यात आंघोळ घालायचे तो टबही माळ्यावरून उतरवला. मोठीनं चहाच्या कपानं माती भरली. घरभर चिखल झाला, आणि मला अनेक दिवसांनी कोणावर तरी ओरडायला मिळालं. मुळा, मेथी आणि टोमॅटो लावले. धाकट्यानं टोमॅटोची अख्खी पुडी एकाच डब्यात ओतली आणि "आता दे" म्हणून डब्यासमोर बसून राहिला.

पुढे पानांना गोल गोल भोकं पडायला लागली. मी आठवडाभर अळी शोधली. अळी माझा तिकिटाचा पंच घेऊन घरभर हिंडत होती. तो पंच धाकट्याला द्यावा, त्यानं तो यापुढे कागदावर वापरावा.

खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या धुण्यावर आमच्या डब्यांतून ओसंडलेलं पाणी गळतं, हे त्यांनी दर रविवारी वर येऊन सांगितलं आहे. त्यांना माझी प्लास्टिकची मोठी चादर द्यावी. दोरीवर घालावी, नाहीतर तोंडावर, माझी हरकत नाही.

आता मुद्द्याचं. रोपं दाटीनं उगवली की विरळणी करावी लागते, म्हणजे जोमदार असेल ते ठेवून बाकीची उपटायची. मुळ्याची विरळणी मोठीनं रडतरडत केली. टोमॅटोच्या डब्यात शेवटी दोन रोपं उरली आणि तिथं ती अडून बसली. दोघांपैकी एकालाही हात लावू देईना. मी म्हटलं, राहू दे बाई, तुझा डबा, तुझं राज्य.

कलम ४. माझा मुलगा. मी दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात तो भेटायला आला. गॅलरीत उभा राहिला, मुलं पायाशी माती खेळत होती, आणि त्यांच्या डोक्यावरून मला म्हणाला, "आई, एका डब्यात दोन रोपं कशी पोसतील? एक उपट, बघ दुसरं कसं तरारून येतं. मुलांचंही असंच असतं गं. धाकट्याला आम्ही नेतो. मोठीसाठी वसतिगृह बघून ठेवलंय, चांगलं आहे."

मी म्हटलं, "मुलांसमोर काय बोलतोस?"

"लहान आहेत. त्यांना काय कळतंय?"

त्याला मूल नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी त्याची आई आहे, त्याचं दुःख मला कळतं. पण म्हणून मंडईत वांगी निवडावीत तसं भावंडांतलं एक निवडायचं? त्याला त्याच्या वडिलांचं मनगटी घड्याळ द्यावं, ते त्यानं दोनदा मागितलं आहे. याशिवाय काहीही नाही. मुलांना भेटायला त्यानं जरूर यावं. दोघांना भेटावं. खाऊ एकालाच आणला तर जिन्यातूनच परत पाठवावं.

कलम ५. मोठी आणि धाकटा यांची पालक म्हणून मी माझ्या नणंदेला नेमते. ती विधवा आहे, शिवणकाम करते, तिच्या मागे कोणी नाही. या घरात राहण्याचा तिला आमरण हक्क आहे.

हे वाचून नातलगांच्या भुवया चढतील. चढू देत. माझे यजमान गेले तेव्हा सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "वहिनी, तुमच्या ड्युट्यांनी माझा भाऊ खाल्ला." त्यानंतर आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. ते वाक्य मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही; त्याचा आणि या नेमणुकीचा संबंध नाही.

मुलगा भेटून परत गेल्यावर मी नणंदेला फोन केला. फोनवर मला धाप लागली तेवढीच तिला ऐकू गेली असावी. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र घेऊन हजर. आत येऊन पाणीसुद्धा न पिता गॅलरीत गेली आणि म्हणाली, "डब्यांच्या बुडाला भोकं कोण पाडणार? मुळं कुजतील की." मी म्हटलं, "वन्सं, आल्या आल्या सुरू झालात?" त्या दिवशी आम्ही तासभर भांडलो. बरं वाटलं.

ती मुलांसमोर जेवायला बसायची, मला पलंगावरून उठवत नव्हतं. चौथ्या दिवशी ती आत आली आणि दार लावून म्हणाली, "वहिनी, पोरगी अर्धंच जेवते. उकडलेलं अंडं दिलं तर अर्धं भावाच्या ताटात सरकवते. तुमचं लक्ष कुठंय?" मोठीला बोलावलं. का गं, विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "एका डब्यात एकालाच पुरतं. मामा म्हणाला. तो मोठा झाला की मी जेवेन."

सात वर्षांची पोर.

नणंद तिला हात धरून गॅलरीत घेऊन गेली. म्हणाली, "डबा लहान पडला तर डबा बदलतात गं, कोणाला उपाशी ठेवत नाहीत." दोघींनी ती दोन्ही रोपं मातीच्या गोळ्यासकट आंघोळीच्या टबात हलवली. गोष्टीत असतं तर दोन्ही जगली असती. एक जगलं. दुसऱ्यानं दोन दिवसांत मान टाकली, आणि मोठी ते बघत उभी राहिली. काय समजायचं ते ती समजली आहे, आणि ते तिच्या डोक्यातून काढायला मला वेळ मिळणार नाही. ते काम मी नणंदेवर सोपवते. घरापेक्षा, पैशापेक्षा हे काम मोठं आहे. यात कसूर झाली तर बाकी सगळं नीट सांभाळूनही उपयोग नाही.

दोघांना वेगळं करणारी कोणतीही व्यवस्था, मग ती कोणी, कितीही प्रेमानं सुचवलेली असो, माझ्या इच्छेविरुद्ध आहे.

कलम ६. माझ्यानंतर या घरात पहिलं ताट मोठीचं वाढावं. तिचं संपेपर्यंत समोर माणूस बसलेलं असावं. त्या दिवशीही, ज्या दिवशी मी जाईन. लोक येतील, रडारड होईल, कोणाला भान राहणार नाही. तिला मात्र वाढावं.

ठिकाण: राहत्या घरी, पलंगावर बसून. तारीख वकीलबाई घालतील.

सही: निवृत्त कंडक्टर (अक्षर वाकडं आलं आहे, सही माझीच आहे)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. वाचून, समजून, समक्ष सही करताना पाहिलं.
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक.
(खालच्या बाई साक्षीला तयार होत्या, पण चादरीमुळे त्या लाभार्थी ठरतात, असं वकीलबाई म्हणाल्या.)

पालकाची संमती:

वरचं सगळं वाचलं. दोघांचीही जबाबदारी मला मान्य आहे. भावाबद्दल मी जे बोलले ते बोलले, आता त्यावर लिहीत नाही. आज दुपारीही पोरीनं अर्धं अंडं भावाच्या ताटात सरकवलं. मी ते उचललं नाही. तिच्या ताटात दुसरं अख्खं ठेवलं आणि समोर बसून राहिले. तिनं त्याचेही दोन भाग केले.

सही: नणंद