सत्यशीलाचे पिंजरे

गोंडपिपरी, ९ मार्च १९८६

चि. सत्यशीलास,
बाबाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तू ऑस्ट्रेलियात कशी असशील, याचाच घोर.

तुझा फोटो पोचला. हातात ते पोटाला पिशवी असलेलं जनावर, मागे पिंजरे. मी चौकात सगळ्यांना दाखवला, तिथेच चुकलं. विहारात नानाजी म्हणाले की श्रीहरीभाऊची पोरगी फासे लावायला विलायतेत गेली. मी तिथे हसलो, पण घरी येऊन लगेच हे पत्र लिहायला बसलो. तुझी आई तर म्हणते, “सोडाचंच हाये त पकडते काऊन?”

जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील मी विहारात सगळ्यांकडून म्हणवून घेतो. तुझ्या पिंजऱ्यात जनावरं मरतात का, खरं लिही. मरत असतील तर शिक्षण पुरे, घरी ये. आणि बूट झटकून घालत जा.

तुझा बाबा,
श्रीहरी

जंगल तळ, ऑस्ट्रेलिया, २ एप्रिल १९८६

ती. बाबा व आईस,
सविनय जयभीम. बूट झटकते. नानाजींना सांगा, फासा नाही, पिंजरा आहे.

आईला सांगा, ही जनावरं किती उरली, पिल्लं जगतात का, हे मोजल्याशिवाय त्यांचं जंगल वाचवता येत नाही. पिंजऱ्यात वाळलं गवत अंथरते, वरून गोणपाट घालते. शेंगदाणे कुटून, मध घालून लाडू ठेवते. आई म्हणेल, माझ्यासाठी कधी केला नाही. पहाटेच जाऊन बघते, दिवसा कोणी आत अडकू नये म्हणून दारं बंद ठेवते. जनावर हाताने ओढायचं नाही. पिंजऱ्याच्या तोंडाला कापडी थैली लावली की अंधारात आपोआप शिरतं, गप्प होतं. थैलीसकट वजन करायचं, पिशवीतलं पिलू अलगद पाहायचं आणि जिथे धरलं तिथेच सोडायचं. घाबरली तर मादी पिशवीतलं पिलू टाकून देते, म्हणून आम्ही बोलतसुद्धा नाही.

तुम्ही खरं विचारलं. मागच्या महिन्यात एक मादी मेली. मी पिंजरा खोलगटात लावला, पाऊस आला, आत पाणी शिरलं. पिलाला स्वेटरात गुंडाळून छातीशी धरलं, तेही गेलं. तिथे मी एकटीच होते; ज्यांच्या हाताखाली शिकते त्या सरांना मीच सांगितलं. तुम्ही म्हणाल तर परत येईन.

तुमची,
सत्यशीला

गोंडपिपरी, २५ मे १९८६

चि. सत्यशीलास,
अनेक आशीर्वाद. महिनाभर उत्तर लिहवलं नाही, रागावू नकोस.

मधे एक गंमत झाली. उंदराच्या पिंजऱ्यात घूस सापडली. दरवेळी आपण पिंजरा बादलीत बुडवतो. यावेळी मी वर गोणपाट टाकलं, तर तू लिहिलंस तशी गप्प झाली. मग हात चालेना. बांधापलीकडे नेऊन सोडली, तर ते शेजारच्या लच्छूचं शेत निघालं. लच्छू तेव्हापासून बोलत नाही, आणि तुझी आई हसणं थांबवत नाही.

बुद्धपौर्णिमेला तुझं पत्र मी विहारात वाचलं. मेलेल्या मायलेकरांचं वाचताना नानाजी खाली बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं की ते मेलेलं कोणी पाहिलं होतं का. मी म्हटलं, कोणीच नाही, तिने सरांना आपणहून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, “मंग तिलेच करू दे, भाऊ. दुसरा लपवून ठेवन.”

मग पहिलं शील मी सगळ्यांकडून पूर्ण म्हणवून घेतलं. पोरी, तू येऊ नकोस. काम पुरं कर. फक्त आभाळ भरलेलं दिसलं तर त्या दिवशी पिंजरा लावू नकोस, आणि स्वतःही ओलं अंग घेऊन झोपू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
श्रीहरी