बोललेला नारळ

आबा, काल सकाळी मी परदेशातून घरी आले आणि उंबरा ओलांडायच्या आधी राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. काकांनी नव्हे, मी घातलं. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा रागावून दोन दिवस अबोला धरायची सोय आता तुम्हाला राहिलेली नाही. सगळं सांगते, ऐकून घ्या.

जाताना नारळ काकांनी बोलला होता. तुमच्यामागे वाडीची गाऱ्हाणी तुमचे हे धाकटे भाऊच घालतात. तिकडच्या मराठी मंडळींनी मला व्याख्यानाला बोलावलं होतं, आणि समुद्रापलीकडे जाणाऱ्यासाठी नारळ बोलायचा, परतल्यावर तो आधी ठेवायचा, मगच घरात पाऊल टाकायचं, हा आपल्या घरचा रिवाज. शेताच्या मेरेवर, राखणदाराच्या त्या काळ्या दगडापुढे काका उभे राहिले. मागे वाडीतले चार पुरुष, त्यांच्या मागे मी आणि आई. "ह्या लेकराक सुखरूप घराक हाड, म्हाराजा!" इथवर ठीक होतं. मग माझ्याकडे तिरका डोळा करून काका म्हणाले, "आणि तेच्या तोंडाक जरा लगाम घाल, म्हाराजा!" चौघे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी पन्नाशी ओलांडलेली बाई. गावोगावच्या व्यासपीठांवरून तीस वर्षं बोलते आहे. आणि माझ्या तोंडाला लगाम घालण्याचा ठराव माझ्याच देखत एकमताने मंजूर झाला. तिथे उभ्या उभ्या मी मनाशी ठरवलं की परतीचा नारळ मी ठेवीन आणि गाऱ्हाणंही मीच घालीन.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. मी अकरा वर्षांची आहे. खळ्यात वाडीतली पोरं बसवून, पुढे धोंडा मांडून, तुमचा आवाज काढून मी गाऱ्हाणं घालते आहे आणि पोरं "व्हय म्हाराजा" म्हणून लोळताहेत. तुम्ही शेतातून येता. पाय चिखलाने भरलेले. पोरं पळतात, मी उभी राहते. तुम्ही धोंडा उचलून लांब फेकता. "गाराणा पोरींनी घालूचा नसता. देव आयकणा नाय." मी विचारते, "मगे देव कानांनी भैरो आसा काय?" स्वयंपाकघरात आईच्या हातातली नारळाची वाटी खाली पडल्याचा आवाज येतो. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पण उत्तरही दिलं नाहीत, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. पुढे मी कितीतरी पुस्तकं वाचली, शास्त्री-पंडितांशी वाद घातले, जे पटत नाही ते पटत नाही म्हणून सांगितलं. दगडाला दगड म्हटलं. पण खरं तर त्या एका प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यांकडे मागत फिरत होते.

परतीचा प्रवास दोन दिवसांचा झाला. तीन विमानं, आणि मधे एका परक्या विमानतळावर आठ तास. दुसऱ्या विमानात मी गाऱ्हाण्याचे शब्द जुळवत होते. बाहेर ढग दाटले होते, विमान गचके खात होतं, आणि मी ओठातल्या ओठात, पण बहुतेक वाटलं त्याहून मोठ्याने, शेवटचं "म्हाराजा" म्हटलं. शेजारच्या खुर्चीतला माणूस डोळे मिटून झोपला होता. तो झोपेतच म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मग दचकून जागा झाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"बाय, तुमी खंयच्या?"

"वालावलीकडची."

"तरीच! मी शिरोड्याचो." मालवाहू जहाजावर कुक होता, नऊ महिने पुरे करून घरी चालला होता. "असो आवाज आयकलो काय तोंडातसून आपसूक येता बघा. जिभेर ताबो रवणा नाय." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "घाबरू नकात. हेच्यापरास आमची बोट जास्त हलता."

पुढचा सगळा प्रवास आम्ही बरोबर केला. नऊ महिने लोकांना सूप करून घातल्यावर आता घरी पोचल्याबरोबर पेज आणि खारातली कैरी, दुसरं काही नको, असं तो तीनदा तरी म्हणाला. मी त्याला काकांचा लगाम आणि माझा बेत सांगितला. तो इतका हसला की पुढच्या खुर्चीतली बाई वळून बघायला लागली. गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरल्यावर त्याला न्यायला त्याचा भाऊ आला होता. निघताना काच खाली करून ओरडला, "काकांनी व्हय म्हणूक नाय, तर माका फोन लावा! मी थंयसून बोंब मारतंय!"

त्याने गमतीत म्हटलं, पण खरी अडचण तीच होती. एकट्याचं गाऱ्हाणं होत नाही. भाषणाला टाळ्या पडल्या नाहीत तरी ते भाषणच राहतं; गाऱ्हाण्याला "व्हय" मिळालं नाही तर ती नुसती बडबड. तुमचं म्हणणं खरं ठरायला देव बहिरा असायची गरज नव्हती, मागचे चार पुरुष गप्प राहिले की पुरे होतं.

आणि तसंच झालं. काका मेरेवर तयार उभे होते, मागे तेच चौघे. "दी हकडे नारळ. दमलंस."

"नारळ मी ठेवतलंय, काका. गाराणाय मीच घालतलंय."

"तू? तू तर देवाक मानणस नाय! गावभर भासणां करतंस. मगे दगडाक काय सांगतलंस?"

"तुमी माझ्या तोंडाक लगाम मागलात. तेचा उत्तर माका देवचा आसा."

"घाल तर. आमी व्हय म्हणूचंव नाय."

मी नारळ ठेवला. "हे बा राखणदारा म्हाराजा! तुझा लेकरू समुद्रापलीकडे गेलेला, ता हातीपायी धड परत इला, तेचो नारळ मानून घे, म्हाराजा!" कोणी हूं की चूं केलं नाही. पलीकडच्या मळ्यातल्या रेड्याने तेवढी दाद दिली. मी दुसरं वाक्य घेतलं, चढ्या आवाजात, भराभरा. तेही हवेत गेलं. काका आभाळाकडे बघत होते. घाम फुटला, आबा. हजार माणसांसमोर कधी फुटला नाही.

तेव्हा मला वेंगुर्ल्याची वक्तृत्व स्पर्धा आठवली. अबोल्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही स्वतः मला एसटीने घेऊन गेला होतात. कागदात बांधलेले खडीसाखरेचे दोन खडे गळ्यासाठी म्हणून दिलेत आणि सभागृहात न बसता खिडकीबाहेर उभे राहिलात. मला बक्षीस मिळालं नाही. परतताना कुडाळला उतरलो. मग म्हणालात, "घाईत बोलतंस. थांबाक शिक. तू थांबलंस नाय, तर लोकांका व्हय म्हणूक जागा खंय?"

मी थांबले. श्वास घेतला. आणि तिसरं वाक्य सावकाश सोडलं. "ह्या घरातल्या पोरींका आजवर गप बसयला. जा झाला ता झाला. पण आजपासून ह्या घरातली पोर... तुझ्याफुडे उभी रवान... तोंड उघडून बोलतली, म्हाराजा!" आणि तुम्ही थांबायचात तितकी थांबले.

"व्हय म्हाराजा!" काका गरजले. त्यांच्या पाठोपाठ, त्यांच्याच सवयीने, चौघेही.

मग काकांचं तोंड उघडंच राहिलं. "फसयलंस गो माका!"

"मी खंय? राखणदारासमोर तुमीच म्हणालात. आता मागे घेवा बघया."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. अख्ख्या आयुष्यात तिला त्या मेरेवर हसताना मी पाहिलं नव्हतं. चहा पितानाही काका धुमसत होते. "थेट दादा थांबायचो तसा थांबलंस. मगे मी काय करतलंय?"

तर आबा, देव बहिरा आहे की नाही ते मला माहीत नाही, पण पोरीचं गाऱ्हाणं चालतं. तुमचं चुकलं होतं. आणि ते चुकलं होतं हे सिद्ध करायची रीत तुम्हीच शिकवलीत, म्हणून काही तुमची चूक लहान होत नाही.

हे पत्र राखणदाराच्या दगडाखाली ठेवायचं मनात होतं. पण तिथे रोज काका दिवा लावतात, त्यांच्या हाती लागेल, म्हणून कपाटाच्या खणातच ठेवते. कारण त्यांना मी सांगितलंय की विमानात माझा सराव चालला होता. शिरोड्याच्या माणसाने माझे हात पाहिले होते, त्याला सांगायची गरज पडली नाही. तो सराव नव्हता, आबा. विमान खाली गेलं तेव्हा मी हात घट्ट जोडून मला घरी न्या म्हणत होते. दगडाला म्हणत होते की तुम्हाला, ते काकांना कळता कामा नये.