बंदी घातलेला शब्द

३ मार्च
आजपासून घरात आणि दुकानात ‘ॲडजस्ट’ हा शब्द बंद. जो उच्चारेल त्याने त्या दिवसाचे कप विसळायचे. ठराव एकमताने मंजूर. (बायको अभ्यास करत होती. तिने पुस्तकाकडे बघूनच मान हलवली, पण हलवली.)
निमित्त सकाळच्या बसचं. ऐसपैस बांध्याच्या एक बाई, जरा ॲडजस्ट करा, म्हणत जवळजवळ माझ्या मांडीवरच बसल्या. शिंप्याकडे पँट घट्ट झाली म्हणून गेलो, तर म्हणतो, साहेब, पोट ॲडजस्ट करा. प्लंबर गळक्या नळाखाली बादली ठेवून तेच म्हणाला आणि निघून गेला. सरकणं, सोसणं, गप्प बसणं, सगळ्याला एकच शब्द! आळशी माणसांची सोय, दुसरं काय.

५ मार्च
दुकानात एक शिक्षिका. म्हणे चष्मा डावीकडे झुकतो, फ्रेम ॲडजस्ट करून द्या. सांगितलं, बाई, फ्रेम कारखान्यातून सरळ आली आहे, तुमचे कान खालीवर आहेत. सवय होईल. त्या म्हणाल्या, तुमचाही डावीकडेच झुकलाय की! मुद्दा सोडून बोलणारी माणसं.
काड्या गरम करून गिऱ्हाइकाच्या कानाप्रमाणे वाकवणं हे लाचार दुकानदारांचं काम. मी आजवर एकही काडी वाकवलेली नाही. हीटर आहे, पण तो शोभेला.
बाई समोरच्या दुकानात गेल्या. जाऊ देत.

८ मार्च
दादाचा फोन. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आमच्याकडे राहतील. मागची खोली देतो म्हणालो. तिथे बायको अभ्यासाला बसते. बँकेत क्लार्क आहे, ऑफिसर होण्याची परीक्षा देते आहे. तिची ही शेवटची संधी. या वयात कशाला, असं मला वाटतं, पण मी आड येत नाही.
तिला म्हणालो, तुला थोडं... शब्द ओठांवर आला होता, गिळला. ‘सामावून घ्यावं लागेल’ म्हणालो. ती म्हणाली, शब्द बदलला की खोली मोठी होते का हो?
 

१२ मार्च
पाहुणे आले. दादा टीव्ही मोठ्याने लावतो आणि त्याच्यापुढे त्याहून मोठ्याने घोरतो. बायको ओट्यापाशी उभी राहून वाचते. उभ्याने वाचलेलं जास्त लक्षात राहतं, हे तिला समजावून सांगितलं. आभार मानले नाहीत.
वहिनी म्हणाली, भाऊजी, तिची खोली तिला द्या, आम्ही बाहेर झोपू. दादा म्हणाला, तू गप्प गं, बायका करतात ॲडजस्ट.
दादा थोरला. त्याला कप कसे विसळायला सांगणार? मी विसळले. सगळ्यांचे.

१६ मार्च
बँकेतून सुटली की बायको आता दुकानात, डोळे तपासायच्या खोलीत बसते. विचारलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही.
आज हीटर गरम लागला. तिने स्वतःच काड्या वाकवून आपला चष्मा नीट बसवला. लग्नापासून घसरत होता म्हणे. मग इतकी वर्षं बोलली का नाही? (बोलली होती म्हणते. मला आठवत नाही.)

२३ मार्च
तिची परीक्षा. पेपर कसा गेला हे आवर्जून विचारायचं ठरवलं होतं. दुकानात गर्दी झाली: एक गिऱ्हाईक, आणि एक जण पत्ता विचारायला. राहून गेलं. उद्या नक्की.

१७ एप्रिल
पास झाली. ऑफिसर! श्रेय माझं असं मी म्हणणार नाही, पण दुकानातली खोली कुणाची होती?
बदली दुसऱ्या गावी आहे. ती नकार देईल. विचारायची गरज नाही, मी तिला ओळखतो. दादाचंही तेच मत. (दादा अजून इथेच. वहिनी चालायला लागली.)

२९ एप्रिल
बायको बॅग भरते आहे. नाटक आहे. मी लक्ष देत नाही.

२ मे
बसस्टॉपवर गेलो होतो. बॅग जड होती, म्हणून.
तिला म्हणालो, घर, दुकान, दादा... मी एकट्याने कसं करायचं? थोडं तूच ॲडजस्ट कर ना.
तिने माझ्या नाकावरून चष्मा काढला. धातूची फ्रेम; डावी काडी बोटांनीच अलगद वाकवली, पदराने काचा पुसल्या, परत घातला. दोन्ही कानांवर सारखा बसला.
म्हणालो, टोचतोय.
म्हणाली, सवय होईल.
बस वळेपर्यंत ती खिडकीत अगदी स्पष्ट दिसत होती. पूर्वी एवढं दिसत नसे.
आजचे कप माझ्याकडे.