गच्चीवरचा अडथळा

१८ जून

तीर्थरूप दादास,
तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत.

‘तुझ्या ऑफिसात वशिला लावून आपल्या गच्चीवर उन्हापासून किती वीज निघेल ते लवकर कळव,’ असं तू लिहिलंस. कळवते. शहराची साडेचार लाख छपरं मोजायची आहेत, त्यातून तुझं वर काढलं. बहीण असावी तर अशी!

‘आता गच्ची मोकळीच आहे,’ असंही लिहिलंस. बाबा कधी गच्चीवर होते म्हणून? सुंठीवाचून खोकला गेला, असं सरळ लिहायचं होतंस.

आमची पद्धत सांगते. विमान एका दिवसात तीनदा फोटो काढतं, आठला, बाराला आणि चारला. तिन्ही फोटोंत जे जागचं हलत नाही, तो अडथळा. टाकी, कठडा वगैरे. तेवढी जागा वजा होते. जे हलतं ते सामान, ते मी हाताने खोडते.

एप्रिलच्या फोटोंत तुझ्या गच्चीवर खाट होती. खाटेवर मी दिलेली केशरी चादर आणि चादरीवर बाबा. टाकीची सावली सरकेल तशी ते खाट ओढत होते. फोटो पाहिले त्याच संध्याकाळी मी फोन केला, तर तू म्हणालास, “बाबा ना? आतल्या खोलीत पंख्याखाली मजेत पडलेत.”

मी “बरं” म्हणाले. अजून एक शब्द बोलले असते तर “मग तू ने” म्हणाला असतास, आणि मला ते नको होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नियमाप्रमाणे मी बाबांना खोडलं.

शहराचे बरेच फोटो धुरकट निघाले, म्हणून अकरा मे रोजी विमान पुन्हा उडालं. बारा तारखेला सकाळी तुझा फोन आला, “रात्री झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही.” मी आले, रडले, तुझ्या गळ्यात पडले. तुझ्यावर विश्वास ठेवणं किती सोयीचं होतं!

अकरा तारखेचे फोटो मी काल उघडले. आठला खाट सावलीत. बाराला उन्हात. चारलाही उन्हात, तिथेच. केशरी चादर, आणि बाबांचा एक हात खाली लोंबतोय, तिन्हींत तसाच.

बाराच्या फोटोत दोरीवर कपडे वाळतायत. चारच्या फोटोत दोरी रिकामी आहे. कपडे कोणी काढले, दादा? तू की वहिनी?

अहवाल सोबत आहे. ऊन भरपूर आहे, अडथळे तीन आहेत. टाकी, कठडा, आणि तिसरा सहा फूट बाय अडीच. तो आता तिथे नाही हे मला ठाऊक आहे. साहेबही म्हणाले, “जुनं काही असेल तर खोडून टाका.” या वेळी मी खोडलं नाही. शिक्का मारून कायमचा नोंदवला.

आपण एकाच माळेचे मणी. तुला विचारायला तोंड नाही मला, तरी विचारते आहे. उत्तर पाठवू नकोस.

तुझीच सख्खी,
धाकटी