माझ्याच गाण्याची चोरी

इन्स्पेक्टर तोगोलासाहेब,

बामाकोच्या बाजारात मी लोकांच्या फोनमध्ये माझीच गाणी भरून देत होते, तेव्हा तुम्ही माझा कॉम्प्युटर उचललात. "गाण्यांचे हक्क रेकॉर्ड कंपनीचे आहेत. ही चोरी आहे," म्हणालात. मी तिथेच त्यातलं एक गाणं गाऊन दाखवलं, तर हसलात. "गाईल कुणीही, बाई. कागद दाखव."

रेकॉर्डिंगसाठी म्हणून कंपनीनं सही घेतली आणि हक्कच लिहून घेतले. ते गाणं मी माझ्या गेलेल्या लेकीसाठी रचलंय. त्यात तिचं, माझ्या न्येलेचं नाव आहे, साहेब! तेही कंपनीचं?

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही याचाही कागद मागाल. आज मासळीवाल्या बायकांनी फोन पुढे धरले. "गा गं, सितान!" मी गायले. सगळ्यांनी रेकॉर्ड केलं. या, करा जप्त.

सितान कुयाते